पावसाळ्यात ताप आला तर घरात उरलेली अंगदुखीची गोळी घ्यावी का?

नको. पावसाळ्यात गोव्यात ताप म्हटला की आधी डेंग्यूची शंका घ्यायची, आणि डेंग्यूत आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक, अ‍ॅस्पिरिन यांनी रक्तस्राव होऊ शकतो. (हृदयासाठी अ‍ॅस्पिरिन चालू असेल तर मात्र स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना विचारा.) ताप उतरवायला साधी पॅरासिटामॉल पुरते. दोन डोसांत निदान चार-सहा तासांचं अंतर, आणि धडधाकट मोठ्या माणसालाही २४ तासांत ४ ग्रॅमच्या वर कधीच नाही. गोम अशी की सर्दीच्या गोळीतही बहुधा तीच असते. फोंड्याला आमच्या मावशीने दोन्ही एकदम सुरू केल्या होत्या. फार्मसीवाल्याने पाकिटं उलटून दाखवली तेव्हा कळलं. दुसऱ्या दिवशीही ताप असेल तर आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या. उरलेली अँटिबायोटिक? तिला तर हातही लावू नका.