७ वर्षांच्या पुतणीसाठी पहिली बार्बी कोणती घ्यावी? कलेक्टर एडिशन घेऊन ठेवली तर पुढे किंमत येते का?

तुमचा प्रश्न नीट वाचला. पुतणीला वाढदिवसाला बार्बी हवी आहे आणि तिला बाहुल्या जमवायचंही खूळ लागलंय. बजेट दोन हजार. घरातल्यांचं म्हणणं, घ्यायचीच तर कलेक्टरवाली, म्हणजे संग्राहकांसाठी खास काढलेली घ्या. शिवाय वहिनींच्या लहानपणीची एक बार्बी माळ्यावर सापडली आहे, तिच्या पाठीवर १९६६ लिहिलंय, तर ती विकून पैसे येतील का, हेही तुम्ही विचारलंय. मी बरीच वर्षं बाहुल्या जमवते आणि ओळखीपाळखीच्यांच्या बाहुल्या धुऊन-विंचरून देते, त्या अनुभवावर सांगते.

सरळ उत्तर: 'मेड टू मूव्ह' मालिकेतली बार्बी घ्या. ऑफरमध्ये ती दोन हजारांत बसते. २०१५ साली आलेल्या या बाहुलीला २२ सांधे आहेत. कोपर, मनगट, गुडघा, घोटा, सगळं वाकतं. मांडी घालून बसवता येते, हातात कप देता येतो. दुकानात भिंतभर दिसणाऱ्या 'फॅशनिस्टा' स्वस्त असतात, चेहरेही गोड असतात आणि त्यात विविधता खूप आहे (व्हीलचेअरवरची आहे, २०२३ पासून डाऊन सिंड्रोम असलेलीही आहे), पण बहुतेकींचे हातपाय ताठ. सात वर्षांची मुलगी बाहुलीला शाळेत पाठवते, आजारी पाडते, झोपवते. ताठ बाहुली यात लवकर कंटाळवाणी होते. तरी पुतणीनं दुकानात एखाद्या फॅशनिस्टाच्या चेहऱ्यावर बोट ठेवलंच, तर वाद घालू नका, तीच घ्या. चेहरा आवडणं हे सांध्यांपेक्षा मोठं कारण आहे.

एक गोष्ट मात्र घेताना बघाच. २०१६ पासून बार्बी एकाच अंगकाठीची राहिलेली नाही. नेहमीच्या बांध्याबरोबर उंच, ठेंगणी आणि भरल्या अंगाची अशा तीन नव्या आल्या. एकीचा फ्रॉक दुसरीला होईलच असं नाही, भरल्या अंगाचीला तर नेहमीचे बहुतेक कपडे चढत नाहीत. पावलांचंही तसंच, काहींची सपाट, काहींची टाच उचललेली, त्यामुळे बुटांचा घोळ. पहिली बाहुली नेहमीच्या साडेअकरा इंची बांध्याची असली की पुढे सुटे कपडे घेणं सोपं जातं. घरी शिवायचे तर एका ब्लाऊजपीसमध्ये साडी आणि झबलं दोन्ही निघतात. मागे बटणाऐवजी वेल्क्रो लावा, या वयाच्या बोटांना तेच जमतं. घरात तीन वर्षांखालचं भावंड असेल तर बूट आणि पर्सेस आधीच काढून वर ठेवा, ते थेट तोंडात जातात.

केस हा दुसरा मुद्दा, आणि याकडे कोणी बघत नाही. स्वस्त बाहुल्यांचे केस बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात, डब्यात छान दिसतात आणि महिन्याभरात काथ्या होतात. बरे केस सॅरन किंवा नायलॉनचे, ते वजनदार पडतात आणि विंचरल्यावर बसतात. डब्यावर हे छापलेलं नसतं. उघडा डबा असेल तर टोकं बोटांत चोळून पाहा, कोरडी आणि हलकी लागली की समजा. कुठलेही असोत, धुताना कोमट पाणी, थोडा शाम्पू, आणि विंचरायला सुरुवात टोकाकडून. हेअर ड्रायर जवळपासही नको.

डबा उघडतानाचं एक सांगून ठेवते. बाहुलीचं डोकं पुठ्ठ्याला प्लास्टिकच्या बारीक खिळ्यांनी टाचलेलं असतं, कपड्यांच्या किमतीच्या चिठ्ठीला असतात ना, तसल्या. ते ओढून काढायला गेलं की केसांची मुळं सैल होतात. नखं कापायच्या कटरनं टाळूलगत कापा. आतला तुकडा डोक्यात राहतो आणि हलवल्यावर खुळखुळतो, त्यानं काही बिघडत नाही.

आता कलेक्टर एडिशन. "पुढे किंमत येईल" हे बाहुल्यांच्या बाबतीत बहुतेक वेळा खोटं ठरतं. दरवर्षी नाताळाच्या सुमारास निघणाऱ्या हॉलिडे बार्बीचंच बघा. पहिली १९८८ ची. ती हातोहात खपली, नंतर तिचा भाव चढला, आणि अमेरिकेत लोकांनी पुढच्या वर्षांच्या डबाबंद घेऊन साठवायला सुरुवात केली. कंपनीनंही मग नव्वदच्या दशकात त्या भरमसाट काढल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे आज त्या सगळीकडे मिळतात आणि मातीमोल जातात. डब्यावर 'कलेक्टर' छापलं म्हणून वस्तू दुर्मीळ होत नाही. भाव येतो तो ज्या बाहुल्यांशी मुलं मनसोक्त खेळली आणि ज्या फार थोड्या धड राहिल्या त्यांना, उदाहरणार्थ १९५९ ची अगदी पहिली, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या स्विमसूटमधली. स्टँडवर उभी करायला तिच्या तळपायांना भोकं आहेत आणि आत तांब्याच्या नळ्या. तीन डॉलरची होती ती तेव्हा.

आपल्याकडे यात आणखी एक अडचण आहे. खेळण्यांवरचं आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्क्यांवर गेलं आणि २०२३ मध्ये ७० वर. संग्राहकांसाठीची 'सिग्नेचर' मालिका बाहेरून मागवायला गेलात तर तुमचं बजेट पहिल्या बाहुलीतच संपेल, वर ती डब्यातून काढायची नाही म्हणून पोरीला रोज ओरडा. याला मी तरी भेट म्हणणार नाही. पुतणी मोठी झाली, आवड टिकली, आणि अमेरिकेतून कोणी येणार असेल, तर २०२४ ची दिवाळी बार्बी मागवा. आपल्या मुंबईच्या फॅशन डिझायनर अनिता डोंगरे यांनी तिचे कपडे केलेत, चोळी, लेहंगा आणि वर कोटी (जाकीट), नक्षीत कमळ आणि जाई-जुई. तिकडे चाळीस डॉलरला निघाली होती. मला ती आवडते, लेहंग्याचं काम बाहुलीच्या मापाला साजेसं झालंय.

आणि जमवायचंच तर फक्त बार्बीच कशाला? सावंतवाडीच्या चितारआळीतलं लाकडाचं काही, मान डोलावणारी तंजावरची बाहुली, एखादी आंध्रातल्या कोंडापल्लीची, हे थोड्या पैशांत होतं आणि प्रवासाला गेल्यावर शोधायला निमित्त मिळतं. दिल्लीत शंकर्स डॉल्स म्युझियम आहे, १९६५ चं. व्यंगचित्रकार शंकर यांच्याकडे हंगेरीच्या राजदूतांनी मुलांच्या स्पर्धेत बक्षीस द्यायला एक बाहुली दिली होती, तिथून त्यांना हा नाद लागला म्हणतात.

नकलीबद्दल थोडक्यात: जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. डब्यावर ते आणि बार्बी काढणाऱ्या मॅटेल कंपनीचं नाव दोन्ही बघा. रस्त्यावरची हातात घेतल्यावर पोकळ आणि हलकी लागते, तिचं अंग दाबलं की आत जातं.

राहिली वहिनींची बार्बी. १९६६ हे त्या बाहुलीच्या जन्माचं साल नाही, धडाच्या साच्याच्या कॉपीराइटचं साल आहे. तोच साचा नव्वदच्या दशकाच्या अखेरीपर्यंत चालला, त्यामुळे १९७० ची काय आणि १९९५ ची काय, पाठीवर १९६६ च. अशा बाहुल्या "साठ वर्षं जुनी, दुर्मीळ" म्हणून विकायला काढलेल्या तुम्हाला सगळीकडे दिसतील. मानेच्या मागे, केसांखाली, डोक्याच्या साच्याचं वेगळं साल असतं, आधी ते वाचा. तेही साच्याचंच, पण त्यावरून ती त्या सालाआधीची नाही एवढं नक्की कळतं. वहिनींचं वय बघता ती ऐंशी-नव्वदच्या दशकातली असणार. त्या काळात आपल्याकडे लिओ मॅटेल या इथल्या कंपनीच्या डब्यातून साडीतली बार्बी यायची. तसली असेल आणि साडी, दागिने, डबा शाबूत असतील तर परदेशातले संग्राहक विचारतात. नुसती बाहुली असेल तर फारसं काही येणार नाही.

विकायच्या आधी मला कान आणि पाय यांचे फोटो पाठवा. धातूच्या कुड्यांभोवती हिरवा डाग असेल तर कुड्या आजच काढा, डाग आत पसरत जातो. मुरुमांवरचं बेंझॉइल पेरॉक्साइडचं मलम त्यावर लावून ठेवलं की तो फिकटतो, पण भोवतीचा रंगही उडू शकतो, म्हणून टाचणीच्या टोकाएवढंच लावायचं. पाय चिकट लागत असतील तर प्लास्टिक मऊ ठेवणारं द्रव्य बाहेर येतंय. ते कायमचं थांबत नाही. पुसून टाल्कम पावडर लावा, आणि नव्या बाहुलीला चिकटून एका पिशवीत तिला ठेवू नका.