अँटोनिओ उदास का असतो?

प्रश्न : शेक्सपिअरचं ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’ हे नाटक आम्हाला अभ्यासाला आहे. वाचताना मला सारखं वाटत होतं की त्यातला व्यापारी अँटोनिओ याचा आपल्या मित्रावर, बसानिओवर, जीव आहे, मैत्रीच्या पलीकडचा. वर्गात बोललो तर सगळे हसले, आणि सर म्हणाले त्या काळी मित्र असंच बोलायचे. मी उगाच नको ते शोधतोय का?

उत्तर : अजिबात नाही, उलट नीट वाचताय. सरांचंही बरोबर आहे म्हणा, तेव्हा ‘लव्हर’ हा शब्द जिवलग मित्रालाही चालायचा, याच नाटकात बसानिओची बायको पोर्शिया अँटोनिओला आपल्या नवऱ्याचा ‘बूझम लव्हर’ (अगदी जिवलग) म्हणते आणि तिला त्यात काही वावगं वाटत नाही. पण शब्द दोन्हीकडे चालतो म्हणून त्यातला एक अर्थ आपोआप बाद होतो असं थोडंच आहे?

नाटक सुरूच होतं ते अँटोनिओ म्हणतो की मी उदास का आहे मलाच कळत नाही, मित्र म्हणतात प्रेमात पडलायस, तो छे छे करून उडवून लावतो, आणि थोड्याच वेळात बसानिओ येतो तो पोर्शियाला मागणी घालायला पैसे हवेत म्हणून. त्या ३००० डकॅटसाठी (तेव्हाची सोन्याची नाणी) अँटोनिओ शायलॉक या सावकाराला, कर्ज फिटलं नाही तर म्हणून, स्वतःच्या अंगातलं पौंडभर मांस लिहून देतो.

मला सगळ्यात जास्त लागतो तो त्यांचा निरोप. दुसऱ्या अंकात आहे, आठवा प्रवेश, परत काढून वाचा. शेक्सपिअर तो प्रसंग स्टेजवर दाखवतच नाही, एक मित्र दुसऱ्याला सांगतो की अँटोनिओचे डोळे भरून आले, त्याने तोंड फिरवलं, आणि पाठमोऱ्यानेच हात मागे करून बसानिओचा हात घट्ट दाबला. त्यावर दुसरा म्हणतो, मला वाटतं याला जग आवडतं ते त्याच्यापुरतंच. बघा ना, हे इतरांना दिसतंय, तो स्वतः मात्र एकदाही नाव देत नाही.

बसानिओचं म्हणाल तर मला तो इतका स्पष्ट नाही वाटत. कर्ज थकून प्रकरण कोर्टात जातं तेव्हा तो अँटोनिओला म्हणतो खरा की बायको, जीव, सगळं जग तुझ्यापुढे काही नाही, पण तो पोर्शियावरही मनापासून प्रेम करतो. आणि ती तिथेच वकिलाच्या वेषात उभी राहून ऐकतेय! तिला कळलंय असं मला ठाम वाटतं, कारण तिने बसानिओला दिलेली आणि त्याने त्या ‘वकिला’ला देऊन टाकलेली अंगठी शेवटी ती नवऱ्याला स्वतः परत देत नाही, अँटोनिओच्या हातात ठेवते आणि त्याला द्यायला लावते. तीन जोडपी घरात जातात, अँटोनिओसोबत कुणी नसतं.