तारखेची जागा रिकामी का राहते?

प्रश्न : माझ्या वैयक्तिक वेबपानावर आजची तारीख उमटावी म्हणून मी पीएचपी या प्रोग्रामिंग भाषेच्या दोन ओळी लिहिल्या, मात्र फाइल ब्राउझरमध्ये उघडल्यावर तारखेची जागा रिकामीच राहते. काय चुकले असावे?

उत्तर : चूक बहुधा ओळींत नसून फाइल उघडण्याच्या रीतीत आहे. पीएचपी ब्राउझरला कळत नाही. ती सर्व्हरवर, म्हणजे ब्राउझरला पाने पुरवणाऱ्या यंत्रणेवर, चालते आणि तिथे तयार झालेले एचटीएमएल (ब्राउझरला कळणारी पानाची भाषा) तेवढे ब्राउझरकडे येते, त्यामुळे संगणकावरची फाइल थेट उघडल्यास तो कोड कोणीच चालवत नाही. पीएचपीच्या ५.४ या आवृत्तीपासून चाचणीपुरता सर्व्हर तिच्यासोबतच मिळतो. तो सुरू करून पान ‘लोकलहोस्ट’ या, म्हणजे स्वतःच्याच संगणकाच्या, पत्त्यावरून उघडावे. फाइलनावाच्या शेवटी ‘पीएचपी’ हे विस्तारनाम आहे ना, तेही पाहावे.