आत्मकथन आलंय, आता कार्यक्रमांचं काय?

ताई, प्रकाशन समारंभावर सगळा जीव ओतू नका. तिथे बहुतेक आपलीच माणसं असतात. नवा वाचक भेटतो तो गावोगावच्या सार्वजनिक वाचनालयांत. 15 ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन आणि 27 फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन, या दोन तारखांना वाचनालयं आणि कॉलेजं वक्ते शोधत असतात. दीड-दोन महिने आधी ग्रंथपालांना फोन करा, पत्रासोबत पुस्तकाची प्रत पाठवा.

कादंबरीकाराला कुणी ‘पुढे तुमच्या नवऱ्याचं काय झालं?’ असं विचारत नाही. तुम्हाला विचारतील, तेही भर सभेत. म्हणून काय सांगायचं नाही ते घरीच ठरवा. ‘जेवढं सांगायचं होतं तेवढं पुस्तकात आहे’ एवढं शांतपणे म्हटलं की पुरतं. पुस्तकातल्या जिवंत माणसांना, विशेषतः सासर-माहेरच्यांना, कार्यक्रमाची कल्पना आधीच द्या. त्यांनी ते इतरांकडून ऐकणं फार वाईट.

वाचायला सर्वांत दुःखाचा उतारा निवडू नका. स्टेजवर कंठ दाटून येतो आणि नंतर प्रश्नही तेवढ्यावरच येतात. पाच-सात मिनिटांचा, माणसं बोलताहेत असा प्रसंग घ्या.

विक्रीचं टेबल दाराजवळ हवं. क्यूआर कोड आणि सुटे पैसे, दोन्ही ठेवा. सही करताना नाव कसं लिहायचं ते विचारून घ्या.