गणपतराव देशमुखांचे अकरा विजय

गणपतराव देशमुख हे देशात सर्वाधिक वेळा निवडून आलेले आमदार होते का आणि सोलापूर जिल्ह्यातील सांगोल्याने त्यांना इतकी वर्षे का निवडून दिले, असे दोन प्रश्न आपण विचारले आहेत.

पहिल्याचे उत्तर नकारार्थी आहे. केरळमधील पाला मतदारसंघातून के. एम. मणी १३ वेळा निवडून आले (ते पहिल्यांदा निवडून आले ती १९६५ ची विधानसभा भरलीच नाही, ही गोष्ट वेगळी), आणि तमिळनाडूत करुणानिधी वेगवेगळ्या मतदारसंघांतून १३ वेळा विजयी झाले. गणपतराव ११ वेळा निवडून आले, पण ते एकाच मतदारसंघातून आणि एकाच पक्षाकडून, तोही शेतकरी कामगार पक्षासारखा (शेकाप) दर निवडणुकीत आक्रसत गेलेला पक्ष. महाराष्ट्रात याला जोड नाही.

ते सलग निवडून येत राहिले, असे अनेकदा लिहिले जाते, तेही बरोबर नाही. १९६२ आणि १९६७ मध्ये जिंकल्यावर १९७२ ला ते पडले, १९७४ च्या पोटनिवडणुकीत परतले आणि पुढे १९९० पर्यंत प्रत्येक निवडणूक जिंकून १९९५ मध्ये शहाजीबापू पाटलांकडून अवघ्या १९२ मतांनी हरले. १९९९ पासून २०१४ पर्यंत पुन्हा चार विजय, त्यांतला शेवटचा वयाच्या ८८ व्या वर्षी. मधली खंडित वर्षे वजा केली, तरी सभागृहातील काळ पन्नास वर्षांच्या आसपास भरतो.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते पाण्यात आहे. साधेपणाच्या आठवणी (एसटीत आमदारांसाठी राखीव असलेल्या आसनावर बसून प्रवास करणारे आमदार) खऱ्या आहेत आणि मलाही त्या मोलाच्या वाटतात, पण केवळ त्यांच्यावर अकरा निवडणुका निघत नाहीत. सांगोला हा माणदेशातला पर्जन्यछायेचा तालुका. तिथे पाऊस हुकला की जनावरांसाठी छावणी आणि माणसांसाठी रोजगार हमीचे काम हेच आधार उरत. क्रांतिवीर नागनाथअण्णा नायकवडी यांच्या पुढाकाराने आटपाडीत १९९३ पासून भरू लागलेल्या दुष्काळग्रस्त तेरा तालुक्यांच्या पाणी परिषदेत गणपतराव अग्रभागी होते. कृष्णेचे पाणी कराडजवळच्या टेंभूहून टप्प्याटप्प्याने उचलून सांगोल्यापर्यंत आणण्याची मागणी त्यांनी वर्षानुवर्षे लावून धरली. ज्या शेतकऱ्याने डाळिंबाची बाग टँकरने जगवली आहे, त्याला या चिकाटीची किंमत वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

शेतकरी सहकारी सूतगिरणीही इथेच आठवते. कापूस न पिकणाऱ्या तालुक्यात सूतगिरणी काढणे अनेकांना धाडस वाटले, पण ती चालली आणि तिने गावातल्या मुलांना गावातच काम दिले. मंत्रिपद त्यांच्याकडे दोनदाच आले, १९७८ च्या शरद पवारांच्या पुलोद (पुरोगामी लोकशाही दल) सरकारात आणि १९९९ नंतरच्या विलासराव देशमुख मंत्रिमंडळात. बाकीची कारकीर्द बहुतांशी विरोधी बाकांवर गेली आणि तालुक्याला जे मिळाले ते तिथूनच भांडून मिळवलेले आहे, ही गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते.

२०१९ मध्ये ते स्वतः उभे राहिले नाहीत. नातू अनिकेत देशमुख त्याच शहाजीबापूंकडून ७६८ मतांनी हरले. ३० जुलै २०२१ रोजी गणपतरावांचे सोलापुरात निधन झाले आणि २०२४ मध्ये दुसरे नातू बाबासाहेब देशमुख यांनी शहाजीबापूंना हरवून ही जागा शेकापकडे परत आणली.