ॲव्हरेज, आरपीएम आणि क्राउन-पिनियनचे दात

प्रश्न : आमचा दोन ॲक्सलचा, १८.५ टनी ट्रक समृद्धीवरून जालन्याची सळई भिवंडीला नेतो. येताना बहुतेक वेळा अर्धी गाडी असते. टायर २९५/९० आर २०. टॉप गिअरला ८० वर आरपीएमचा (इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा) काटा २३०० च्या वर जातो आणि ॲव्हरेज ४ च्या पुढे सरकत नाही. मेकॅनिक म्हणतो, ४.११ चा क्राउन-पिनियन (मागच्या ॲक्सलमधली दातेरी चाकांची जोडी) टाका, इंजिन १७०० वर येईल. टाकावा का? (ट्रकमालक, जालना)

उत्तर : मेकॅनिकचं गणित बरोबर आहे, पण त्यानं अर्धीच बाजू सांगितली आहे.

आधी गणित पाहू. या टायरच्या एका फेऱ्यात गाडी साधारण ३.२ मीटर पुढे जाते. ताशी ६० म्हणजे मिनिटाला १००० मीटर, म्हणजे चाकाचे ३१२ फेरे. ८० ला ते ४१७ होतात. टॉप गिअर डायरेक्ट (गिअरबॉक्समध्ये फेरे न बदलणारा) असेल तर या आकड्याला हाउसिंगच्या, म्हणजे मागच्या ॲक्सलमधल्या क्राउन-पिनियनच्या, रेशोनं गुणलं की इंजिनचे फेरे मिळतात. तुमचा काटा २३०० च्या वर जातो त्या अर्थी रेशो ५.५७ असणार, म्हणजे क्राउनला ३९ दात आणि पिनियनला ७. टॉप गिअर ओव्हरड्राइव्हचा (इंजिनपेक्षा शाफ्ट जास्त फिरवणारा) असेल, समजा ०.८ चा, तर त्यानंही गुणायचं.

अंदाजावर राहू नका, मोजून घ्या. गाडी रिकामी आणि सपाट जागेवर हवी. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावा, मागची दोन्ही बाजूंची चाकं उचलून हाउसिंगखाली स्टँड द्या, गिअर न्यूट्रल ठेवा आणि पार्किंग ब्रेक सोडा. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या ॲक्सलपर्यंतच्या दांड्यावर) आणि एका टायरवर खडूची खूण करा. आता एकानं शाफ्ट फिरवावा, दुसऱ्यानं चाकांवर नजर ठेवावी. दोन्ही बाजूंची चाकं बरोबरीनं फिरून एक फेरा पुरा करतील तेव्हा शाफ्टचे जितके फेरे झाले, तो तुमचा रेशो. एकच बाजू उचललेली असेल तर डिफ्रन्शियलमुळे (दोन बाजूंच्या चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या भागामुळे) ते चाक दुप्पट फिरतं. तेव्हा चाकाचे दोन फेरे होईपर्यंत मोजायचं. इथेच अनेकांची चूक होते आणि रेशो निम्मा निघतो.

आता डिझेल नेमकं जातं कुठे ते बघा. भरलेल्या गाडीला सपाटीवर टायरच्या घर्षणासाठी सुमारे १३० किलोची ओढ लागते आणि ती वेगानं फारशी बदलत नाही. हवेचा अडथळा मात्र वेगाच्या वर्गानं वाढतो. तुमच्यासारख्या गाडीला अंदाजे ६० ला ११५ किलो, ७० ला १५५ आणि ८० ला २०५ धरा. एकूण ओढ ८० ला ३३५ किलो, ७० ला २८५. म्हणजे ८० ऐवजी ७० नं चालवलं की दर किलोमीटरची ओढ सुमारे १५ टक्क्यांनी उतरते, शिवाय इंजिनही २३२० वरून २०३० वर येतं. यासाठी एक नटसुद्धा खोलावा लागत नाही. दर ३५० किलोमीटरमागे वेळ जास्त लागेल तो ३७ मिनिटं.

इंजिनचे फेरे कमी झाले की डिझेल का वाचतं? पिस्टनच्या रिंगा, बेअरिंग, ऑइल पंप, पाण्याचा पंप, पंखा, कॉम्प्रेसर हे सगळं इंजिनच्या फेऱ्यांबरोबर फिरतं आणि आपापला वाटा खातं. तेवढंच काम कमी फेऱ्यांत, जास्त लोडवर करून घेतलं की हा वाटा कमी होतो. अवजड गाड्यांच्या धंद्यात ठोकताळा असा की महामार्गावर १०० आरपीएम उतरले की साधारण १ टक्का डिझेल वाचतं. ४.११ नं ८० ला ६०० आरपीएम उतरतील, म्हणजे ६ टक्क्यांच्या आसपास.

ही झाली जमेची बाजू. खर्चाची बाजू अशी : ४.११ मुळे प्रत्येक गिअरमध्ये चाकावरची ओढ २६ टक्क्यांनी घटते. २० ला १ च्या चढावर १८,५०० किलोच्या गाडीला नुसत्या चढासाठी ९२५ किलोची ओढ लागते. इगतपुरीच्या बोगद्यातून जाताना हे जाणवणार नाही. ज्या दिवशी कसारा किंवा बोरघाटातून माल न्यावा लागेल, त्या दिवशी एक गिअर खाली चालवावं लागेल. चढावर भरलेली गाडी पहिल्या गिअरला उचलताना आणि रिव्हर्स घेताना क्लच जास्त वेळ अर्धा दाबून धरावा लागतो, आणि प्लेट तिथेच जळते. आणखी एक गोष्ट गॅरेजमध्ये क्वचितच कुणी सांगतं : चाकाला तेवढाच जोर द्यायचा तर आता प्रोपेलर शाफ्टवर ३५ टक्के जास्त पीळ येतो. शाफ्टचे क्रॉस (सांधे) आणि गिअरबॉक्सचा मागचा भाग त्या पिळासाठी बनवलेले नसतील तर आधी क्रॉस वाजू लागतात, मग तुटतात.

स्पीडोमीटरचं तर विसरूच नका. बऱ्याच गाड्यांत त्याचा सेन्सर गिअरबॉक्सच्या मागे असतो. रेशो बदलून सेटिंग तसंच ठेवलं तर काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी ८१ नं धावत असेल, आणि वेगनियंत्रकही गाडीला ८० च्या किती तरी पुढे जाऊ देईल. ब्रेक लागायला किती अंतर लागतं, हे त्या वेळी ड्रायव्हरला सांगायला कुणी नसतं.

म्हणून आमचं मत स्पष्ट आहे. दोन महिने ६५ ते ७० च्या दरम्यान चालवा आणि डिझेल मोजा : त्याच पंपावर, गाडी त्याच जागी उभी करून, टाकी फुल्ल ते फुल्ल, निदान तीन फेऱ्या. त्यानंतरही बदलावंसं वाटलं तर मधला ४.८८ बघा, ३९ आणि ८ दातांचा. त्यानं ७० ला इंजिन १७८० च्या आसपास येतं आणि ओढ १२ टक्क्यांनीच कमी होते. महिन्याला ८००० किलोमीटर आणि ४ चं ॲव्हरेज धरलं तर डिझेल २००० लिटर. ४.८८ मुळे ७० ला अडीच टक्के, म्हणजे ५० लिटर वाचतील. लिटरला ९० रुपये धरले तर ४५०० रुपये. सेट, बेअरिंग, सील, ऑइल आणि मजुरी मिळून जो आकडा मिळेल त्याला ४५०० नं भागा, किती महिन्यांत पैसे सुटतात ते कळेल. तुमच्याच मॉडेलला कंपनी जो रेशो देते तोच घ्या, कंपनीचं लेखी पत्र घ्या आणि आरटीओत विचारूनच हात घाला. मूळ बनावटीत परस्पर बदल करायला मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आड येतं.

प्रश्न : क्राउन-पिनियन नवा टाकल्यापासून ५० च्या पुढे हाउसिंग वाजतं. ॲक्सिलरेटर सोडला की आवाज बदलतो. ऑइल जाड घातलं तर बसेल का? (ड्रायव्हर, सांगोला)

उत्तर : नाही. जाड ऑइलनं आवाज दबतो, दात खराब होत राहतात आणि ऑइल घुसळण्यात डिझेल जातं ते वेगळंच.

क्राउन आणि पिनियन कारखान्यात एकमेकांवर घासून जोडीनं तयार होतात आणि दोघांवर एकच जोडी नंबर कोरलेला असतो. पहिल्यांदा तो नंबर जुळतो का ते बघा. वेगवेगळ्या जोड्यांचे दात कधीच नीट बसत नाहीत, त्यावर इलाज नाही.

नंबर जुळत असेल तर दोष बसवण्यात आहे. हाउसिंग उघडून क्राउनच्या आठ-दहा दातांना मार्किंगचा रंग लावा, क्राउनला हातानं थोडा अडवा आणि पिनियन दोन्हीकडे फिरवा. दातावर उमटलेला ठसा नीट बघा. तो दाताच्या मधोमध, किंचित आतल्या टोकाकडे, लांबट यायला हवा. अगदी वरच्या कडेला आला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे, मुळाशी आला तर जास्त आत गेलाय. ते शिमनं (पातळ चकत्यांनी) सुधारायचं, मग डायल गेज लावून बॅकलॅश (दातांमधली मोकळीक) कंपनीच्या पुस्तकातल्या मापात आणायचा. ॲक्सिलरेटर दाबल्यावर दाताची एक बाजू काम करते, सोडल्यावर दुसरी. म्हणूनच आवाज बदलतो, आणि म्हणूनच ठसा दोन्ही बाजूंचा तपासायचा.

ऑइल पुस्तकात लिहिलेल्याच ग्रेडचं, लेव्हल प्लगच्या खालच्या कडेपर्यंत. त्याहून जास्त भरलं की फेस येतो, ऑइल तापतं आणि सील गळतात. नवीन जोडी बसवल्यावर पहिले काही दिवस पूर्ण लोड आणि पूर्ण वेग टाळा, मग ऑइल बदला. जुन्या ऑइलमध्ये बारीक करडी पूड दिसली तर घाबरू नका, नखाला लागतील असे तुकडे मिळाले तर गाडी पुढे नेऊ नका.

प्रश्न : माझी १.२ लिटरची पेट्रोल कार पुणे-कोल्हापूर रस्त्यावर पाचव्या गिअरला १०० वर २९०० आरपीएम दाखवते. १६५/८० आर १४ काढून १८५/६५ आर १५ टायर लावले तर आरपीएम उतरतील का? (वाचक, कराड)

उत्तर : उतरणार नाहीत. पहिल्या टायरची उंची ६२० मिलिमीटर, दुसऱ्याची ६२१.५. रिम मोठी झाली तरी टायरची भिंत तेवढीच लहान झाली. फरक पाव टक्क्याचा, म्हणजे २९०० मध्ये ७ आरपीएम. उलट रुंद टायर आणि जड रिममुळे पेट्रोल थोडं जास्तच लागू शकतं. आरपीएम १० टक्क्यांनी उतरवायचे तर टायर ६९० मिलिमीटरचा लागेल आणि तो वळताना मडगार्डला घासेल.

तुमच्या हातात आहे तो वेग. १०० चे ८५ केले की हवेचा अडथळा २८ टक्क्यांनी कमी होतो. रिकामा कॅरिअर छतावर असेल तर काढून ठेवा. हवा टायर थंड असताना, दाराच्या खांबावरच्या स्टिकरप्रमाणे भरा. मात्र आरपीएम कमी ठेवायचे म्हणून चढावर पाचवा रेटू नका. इंजिन धडधडायला लागलं आणि ॲक्सिलरेटर दाबूनही गाडी वेग घेईना, की लगेच चौथा घ्या.

प्रश्न : खंडाळ्याच्या उतारावर न्यूट्रल केलं की काटा ६०० वर येतो. मग डिझेल वाचत नाही का? (ट्रकचालक, खोपोली)

उत्तर : वाचत नाही. गाडी गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजिन चाकांच्या जोरावर फिरतं, १८०० वर फिरत असलं तरी त्यात जाणारं डिझेल बंद झालेलं असतं. न्यूट्रल केलं की इंजिनला स्वतःला चालू ठेवायला डिझेल घ्यावं लागतं. मोठं इंजिन आयडलवर तासाला दोन लिटरच्या आसपास पितं, म्हणजे दहा मिनिटांच्या उतारावर तिसरा हिस्सा लिटर तुम्ही स्वतःहून जाळता.

आणि धोका त्याहून फार मोठा आहे. न्यूट्रलमध्ये इंजिनची आणि एक्झॉस्ट ब्रेकची (धूर अडवून इंजिनला रोखणाऱ्या ब्रेकची) रोख जाते, सगळं वजन ड्रमवर येतं. ड्रम तापला की लायनर पकड सोडतो, आणि पुन्हा गिअर टाकायला जाल तर तो पडत नाही. घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर घ्या, एक्झॉस्ट ब्रेक चालू ठेवा, तो जास्त आरपीएमवरच चांगला धरतो. काटा लाल पट्ट्याकडे जायला लागला की पायानं ब्रेक दाबून वेग उतरवा, मग सोडा. पाय सतत ठेवून उतरू नका.