‘मॅडम, माह्यं इंग्रजी कच्चं हाये. मले एनडीए जमन का?’

राळेगाव तालुक्यातल्या एका गावचा बारावीतला पोरगा दिवाळीनंतर भेटायला आला, तेव्हा खुर्चीत बसायच्या आधीच त्यानं हे विचारलं. एनडीए म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, बारावीनंतर सैन्यात अधिकारी व्हायची वाट. आमच्याकडे खेड्यापाड्यांतून येणाऱ्या बहुतेक मुलांच्या मनात हीच धास्ती असते.

इंग्रजी लागतंच, हे मी लपवलं नाही. लेखी परीक्षेच्या 900 गुणांपैकी 200 इंग्रजीचे. त्यासाठी रोज एक उतारा मोठ्यानं वाचायचा, असं ठरलं. पण एसएसबीचेही, म्हणजे लेखीनंतरच्या निवड मुलाखतीचेही, तेवढेच 900 गुण असतात. तिथे चार-पाच दिवस माणूस पाहतात. वेळ अपुरा असताना हा बेत कसा आखतो, इतरांना सोबत घेतो का, हे बघतात.

तिथल्या पहिल्या दिवसासारखं मी त्याला एक चित्र 30 सेकंद दाखवलं आणि चार मिनिटांत गोष्ट लिहायला सांगितली, मराठीतच. गोष्टीतला नायक पुरात उतरला, त्यानंच दोर बांधला, त्यानंच म्हातारीला काढलं, दवाखान्यात नेलं. चित्रात काठावर चार माणसं होती. गोष्टीत एकही नव्हतं.

‘घरी कापसाचा वेचा कोण बघतं?’

‘मीच. बायाइले बलावतो मीच, मोजतो मीच, चुंगड्या बंडीत भरतो बी मीच.’

वडील आजारी, दोन वर्षं सगळा भार याच्यावर. मला त्याचं फार कौतुक वाटलं, आणि अडचणही तिथेच दिसली. प्लाटून म्हणजे तीसेक जवान. सगळं स्वतः करणाऱ्या अधिकाऱ्याला ती हलवता येत नाही.

मी म्हटलं, पुढच्या वेच्याला तू कापसाला हात लावायचा नाही. कोणती पट्टी कोणाकडे, काट्यावर कोण, पाऊस आला तर ताडपत्री कोण धरणार, हे रात्री वहीत लिही. सकाळी धुऱ्यावर उभं राहून दोन मिनिटांत सांग.

पहिल्यांदा फसलं. ‘मुकादम झाला का रे?’ म्हणत बाया हसल्या, आणि हा खाली मान घालून वेचायला लागला. मग मी एक गोष्ट वाढवली: सांगून झालं की त्यांना विचारायचं, यात काय चुकतंय?

तिसऱ्या वेच्यानंतर त्यानं वही आणली. एका पानावर अर्धा बेत खोडलेला, खाली लिहिलेलं: ‘मावशी म्हणाल्या, वरच्या अंगाचं दव आधी सुकतं, तिथून सुरू करा. पट्ट्या बदलल्या. काट्यावर मावशी.’